वॉल्टरच्या पणजोबांचं पिस्तूल

पिस्तूल डोळ्यांनी बघायच्या आधीच, ते मी आणतोय असं मी मंडळाच्या मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं.

मीटिंग कॅनडात, व्हिटबी गावातल्या एका बेसमेंटमध्ये होती आणि विषय दसऱ्याचा होता. आमच्या मंडळात खंडेनवमीची शस्त्रपूजा नेमाने होते. निम्मे सभासद सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे शस्त्र म्हणजे लॅपटॉप. त्यांना हळदकुंकू लागतं, कीबोर्डात अक्षता जातात आणि सोमवारी ऑफिसात स्पेसबार अडकतो. शिवाय कुणाचं ड्रिल मशीन, एका डेंटिस्टबाईंचा चिमटा, आणि एकदा तर कुणीतरी भक्तिभावाने बर्फ उपसायचं स्नो शोव्हल आणून ठेवलं होतं. त्या मीटिंगमध्ये एक गृहस्थ म्हणाले, ह्यात शस्त्र कुठे आहे, ही तर हार्डवेअरच्या दुकानाची पूजा झाली. सगळे गप्प झाले. मला गप्प बसलेली माणसं बघवत नाहीत. मी म्हणालो, ह्या वर्षी शस्त्र मी आणतो. खरंखुरं. मराठ्यांच्या लढाईतलं. टाळ्या पडल्या. एका वहिनींनी आग्रहाने मला आणखी एक समोसा वाढला, आणि समोसा खाल्ल्यावर माघार घेणं अवघड असतं.

माझ्याकडे होती फक्त एक जाहिरात. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर पाहिलेली. हिंदुस्थानात नोकरीला असलेल्या पूर्वजाचं ठासणीचं पिस्तूल, घर रिकामं करायचं असल्याने द्यायचं आहे, एवढाच मजकूर आणि एक धूसर फोटो. गोरा शिपाई हिंदुस्थानात लढला तर कुणाशी लढला असेल? मी पुण्याचा असल्यामुळे मला दुसरं उत्तर सुचलंच नाही. कायदाही मी वाचला होता. कॅनडात आता साध्या माणसाला पिस्तूल विकत घेता येत नाही, सरकारने तो व्यवहारच गोठवला आहे. पण सव्वाशे वर्षांपलीकडचं, ठरावीक जातीचं पिस्तूल कायद्याने पुराणवस्तू ठरतं आणि ते खुर्चीसारखं घेता येतं. त्याखाली अजून बराच मजकूर होता. पण मला हवं ते वरच मिळालं होतं.

घरी सांगितल्यावर मोठी मुलगी फोनमधून मान वर करून म्हणाली, "डॅड, आर यू ओके?" मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, एवढंही विचारलं नाही. ती कणीक मळत होती. कणीक मळतच तिने निकाल दिला: पांढरीपांडेकाकांना दाखवल्याशिवाय ह्या घरात काहीही येणार नाही.

विनायक पांढरीपांडे हे नाव कॅनडात येऊन पन्नासेक वर्षं झाली होती आणि अजून एकाही कॅनेडियनाला ते शेवटपर्यंत म्हणता आलं नव्हतं. काका नागपूरचे. तळ्याकाठच्या वीज केंद्रात वेल्डिंगचे जोड तपासायच्या कामावर ते रिटायर होईपर्यंत होते. तिथे त्यांना 'मिस्टर पॅन' म्हणत, आणि ते ते नाव तक्रार न करता वापरत. "आयुष्यभर माझं काम एकच," ते सांगत, "नाही म्हणायचं." ज्या जोडाला ते नाही म्हणत, तो कापून पुन्हा करावा लागे. लोक चिडत. एकदा म्हणे एक सुपरवायझर डोनटचा आख्खा डबा घेऊन आला. काकांनी डोनट घेतला नाही, पण कुणी घेतला ते बघून ठेवलं.

रिटायर झाल्यावर ही सवय आमच्या कामी आली. आपल्या लोकांपैकी कुणालाही जुनी वस्तू घ्यायची असली, गाडी, स्नो ब्लोअर, पियानो, अगदी घरसुद्धा, की काकांना घेऊन जायचं. ते कधीही यायचे. कानटोपी, वर जाड पार्का-कोटाचं हूड, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवीत लोहचुंबक, टॉर्च, भिंग, पेन्सिल आणि पाती बदलता येणारा एक स्क्रूड्रायव्हर. निघताना एकच वाक्य: "पाहून तर घेऊ." ह्या वाक्यात घेण्याचं आश्वासन मुळीच नसे. त्यात फक्त पाहणं होतं.

विकणाऱ्याच्या घरात शिरल्यावर काका बूट काढत, मोजे नीट ओढून घेत आणि कॉफी नाकारून गरम पाणी मागत. मी एकदा कारण विचारलं. "ज्याची कॉफी प्यालो, त्याला नाही म्हणणं जड जातं," ते म्हणाले. मग ते वस्तूकडे न बघता तिचे पेच बघत. हा त्यांचा सिद्धान्तच होता. माणूस वस्तू पुसतो, रंगवतो, तिला तेल लावतो, पण पेचाच्या खाचेकडे कुणाचं लक्ष जात नाही. खाच चुरगळलेली असली की समजावं, आत कुणीतरी हात घातलाय, आणि घाईत घातलाय.

सगळं बघून झालं की ते पिशवीची चेन ओढत आणि सहज विचारल्यासारखं विचारत, "विल यू मिस इट?" ह्याची आठवण येईल का तुम्हाला? विकणारी माणसं गोंधळत. ज्याने पटकन 'नाही' म्हटलं, त्याच्या वस्तूत काकांना खोट दिसे. ज्याचा चेहरा पडला, त्याची वस्तू ते घेऊ देत नसत. थोडं थांबून 'येईल, पण चालेल' म्हणणारा माणूस त्यांना हवा असे. असा माणूस फार कमी वेळा भेटतो, त्यामुळे काकांना घेऊन गेलेले लोक बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येत.

माझ्या मिनीव्हॅनची गोष्ट ह्याच प्रकारातली. चालवून बघताना माणूस ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. काका पार मागच्या सीटवर जाऊन बसले आणि गाव फिरून होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिची गरम हवा मागे पोचून नाही राहिली. तू समोर मजेत राहशील, पोरी मागे काकडतील." पण गाडीचा रंग मला इतका आवडला होता की मी ती घेतली. त्या जानेवारीत माझ्या मुली रजया पांघरून शाळेत जात होत्या. माझ्याशी एरवी इंग्लिशखेरीज न बोलणाऱ्या त्या मुली 'थंडी' हा शब्द मात्र अस्खलित बोलायला लागल्या. काकांनी पुढे ह्यावर कधीही काही म्हटलं नाही. फक्त माझ्या गाडीत बसायचं असलं की ते स्वतःची शाल घेऊन येत.

एटोबिकोतल्या हार्मोनियमची हकिकत मी त्यांच्या तोंडून ऐकलेली. विकणारे एक वयस्कर गृहस्थ होते. पेटी दाखवण्यापुरती वाजवायला बसले ते उठेचनात. एक गाणं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला डोळे मिटले. काकांनी त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला, तर आतून स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचाच आवाज आला की त्यांना येईल, मला येणार नाही, घेऊन जा. काका पेटी न घेता आले. त्या गृहस्थांचा नंतर आभाराचा फोन आला. बायकोचाही आला, तो आभाराचा नव्हता.

काकांच्या स्वतःच्या घरात वस्तू जवळजवळ नव्हत्याच. काकू म्हणत, आमच्याकडे सोफा यायला दोन पंतप्रधान बदलावे लागले. "मला पाहायला आले तेव्हासुद्धा," त्या सांगत, "माझ्याकडे कुठे पाहिलं? बसले त्या खुर्चीचेच पेच पाहत होते." काका ह्यावर शांतपणे म्हणत की खुर्ची हलत होती.

तर असे पांढरीपांडेकाका शाल गुंडाळून माझ्या शेजारी बसले आणि आम्ही व्हिटबीच्या उत्तरेला निघालो. झाडं लाल-पिवळी झाली होती. मी रस्ताभर इतिहास सांगत होतो. खडकीची लढाई, कोरेगावची लढाई, पलटणी, तोफा. काका गाडीचा आवाज ऐकत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुला ते कशाला पाहिजे?" मी म्हणालो, पूजेला. "आणि पूजा झाल्यावर?" ह्याचा मी विचार केला नव्हता. भिंतीवर लावीन म्हणालो. "मंजिरीच्या?" त्यांनी विचारलं. मी रेडिओ लावला.

घर शेताच्या कडेला होतं. डोरीन नावाच्या बाईंनी दार उघडलं. सत्तरीच्या पुढच्या, बारीक, कानात यंत्र, कार्डिगनची बटणं एक सोडून एक लावलेली. आत सगळीकडे खोकी. महिनाअखेरीला त्या वृद्धांच्या निवासात राहायला जाणार होत्या. मुलगा अल्बर्टात, त्याला ह्यातलं काहीच नको होतं. फायरप्लेसच्या वर दोन खिळ्यांवर ते पिस्तूल होतं. अक्रोडी रंगाची मूठ, पितळी पट्ट्या, लांब काळपट नळी. त्याला हळदकुंकू कुठे लावायचं हेसुद्धा मी ठरवून टाकलं.

गोष्ट डोरीनबाईंनीच सांगितली. पिस्तूल त्यांच्या नवऱ्याच्या, वॉल्टरच्या, पणजोबांचं. पणजोबा हिंदुस्थानात शिपाई होते आणि त्यांनी एका नदीच्या उतारावर ह्या एका पिस्तुलाच्या जोरावर एक आख्खी पलटण वाचवली होती. समोरून हत्ती आले होते. "आधी एक हत्ती होता," बाई म्हणाल्या. "वॉल्टर दर ख्रिसमसला त्यात भर घालत असे. तो गेला त्या वर्षी मी मोजणं सोडलं होतं." काका हसले. विकणाऱ्याच्या घरात काका हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

आणि त्याच भरात त्यांनी, अजून पिशवीही न उघडता, आपला शेवटचा प्रश्न आधीच विचारून टाकला. आठवण येईल का? बाई लगेच म्हणाल्या, जराही नाही. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही त्याचं हे धूड मी आयुष्यभर पुसत आलेय. कुणी नेलं तर माझ्या डोक्यावरून हत्ती जातील.

काकांनी गरम पाण्याचा घोट घेतला आणि पिस्तूल हातात घेतलं. आधी पेन्सिल नळीत सरकवून खोली पाहिली, मग तीच बाहेरून धरून ताडली. आत बार भरलेला नाही ना, ह्याची खात्री. मग ते खिडकीपाशी गेले. भिंग काढलं, लावलं, परत ठेवलं. टॉर्च काढला, तोही ठेवला. मग त्यांनी डोळे जवळजवळ मिटलेच आणि अंगठ्याचं नख एकेका पेचाच्या खाचेतून फिरवायला सुरुवात केली. सावकाश, आंधळा माणूस अक्षरं वाचतो तसं. एक पेच झाला, दुसरा झाला. एकावर ते परत आले. मला राहवेना. मी म्हणालो, काका, जुनं आहे ना? ते म्हणाले, "पेच फार शहाणे आहेत." हे चांगलं की वाईट ते मला कळलं नाही.

नळी लाकडात धरून ठेवणारी एक आडवी खीळ होती. ती त्यांनी अंगठ्याने दाबून काढली आणि नळी उचलून वेगळी केली. नळीच्या पोटाशी, जिथे ती एरवी लाकडात दडलेली असते, तिथे काहीतरी उमटवलेलं होतं, आणि त्यावरून कुणीतरी कानस फिरवली होती. काकांनी ती जागा डोळ्यांजवळ नेली, तिरकी केली, लांब धरली. मी हात पुढे केला. माझे डोळे उत्तम आहेत, मला चष्मासुद्धा नाही. काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं, आणि नळी डोरीनबाईंच्या हातात दिली. म्हणाले, काय लिहिलंय ते मला वाचून दाखवाल का?

मला हे विचित्र वाटलं. वस्तू विकायला काढलेल्या बाईंनाच तिची परीक्षा करायला सांगायची? बाईंनी शब्दकोड्यासाठी ठेवलेलं आपलं भिंग आणलं आणि खिडकीत उभ्या राहून एकेक अक्षर लावायला लागल्या. पहिलं अर्धं गेलं होतं. दुसरं लागलं. मग त्या थांबल्या, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं.

"मेड इन इटली," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "खाली अजून आहे. ब्लॅक पावडर ओन्ली."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी मघाशी सांगितलंच, गप्प बसलेली माणसं मला बघवत नाहीत. मी म्हणालो की मराठ्यांच्या पदरी इटालियन सरदारही होते. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यांनी खुर्ची ओढली, बाईंच्या समोर बसले आणि जे होतं ते सरळ सांगितलं. ही नक्कल आहे. तुमच्या-माझ्या हयातीतली. दिसायला जुनी, पण कायदा दिसण्यावर जात नाही. हिच्यातून गोळी सुटू शकते, म्हणजे ही आजची बंदूक आहे. तुम्हाला ती विकता येणार नाही, ह्याला घेता येणार नाही, आणि लायसन्स नसताना तुमच्या घरीही ठेवता येणार नाही. पोलिसांना कळवावं लागेल. हे सांगायला त्यांना बराच वेळ लागला. जन्मभर नाही म्हणत आलेल्या माणसाचे शब्द अडत होते.

बाईंचं लक्षच नव्हतं. त्या कानशीच्या खुणांवरून बोट फिरवत होत्या.

मग त्या बोलल्या ते स्वतःशीच. एका हिवाळ्यात वॉल्टरचा कारखाना बंद पडला होता. तो रोज सकाळी उठून डबा घेऊन बेसमेंटमध्ये जाई, कामावर गेल्यासारखा. विचारलं तर म्हणे पणजोबांचं पिस्तूल सापडलंय, ते दुरुस्त करतोय. घरभर जवसाच्या तेलाचा वास. जेवायला वर यायचा तेव्हा हात तपकिरी. वसंतात त्याला दुसरी नोकरी लागली आणि पिस्तूल भिंतीवर गेलं. "मला वाटलं, तो पॉलिश करत होता," त्या म्हणाल्या.

काकांनी सांगितलं की त्या काळी असे संच मिळत. खोक्यात ओबडधोबड लाकूड, कच्ची नळी, सुटे भाग. घासून, तासून, जुळवून ज्याचं त्याने करायचं. "हे काम चांगलं आहे," ते म्हणाले. "पेच एका रेषेत बसवलेत. जुन्या कारागिराला एवढा वेळ नसतो. ज्याला दुसरं काही करायला नाही, तोच असं बसवतो."

डोरीनबाईंनी नळी टेबलावर ठेवली आणि उरलेला भाग हातात घेतला. मूठ हाताच्या घडीत बसावी म्हणून लाकूड एका बाजूला किंचित जास्त तासलेलं होतं. त्यांचा हात त्यात सैल पडत होता. वॉल्टरचा बहुधा बसत असावा. पणजोबा गेले, हत्ती गेले, नदी गेली. त्या हिवाळ्यातला वॉल्टर तेवढा राहिला. इतकी वर्षं त्यांनी परक्याचं समजून पुसलेली ही वस्तू, घरात त्यांना ठेवावीशी वाटेल अशी बहुधा एकमेव होती, आणि तीच आता ठेवता येणार नव्हती.

"मिस्टर पॅन," त्या म्हणाल्या, "आस्क मी अगेन."

काकांनी विचारलं नाही.

ते उठले, पोलिसांच्या तातडीच्या नव्हे अशा नंबरावर फोन लावला आणि परिस्थिती स्पष्ट शब्दांत सांगितली. मग पुन्हा येऊन बसले. मला खरं म्हणजे निघायचं होतं. पूजेसाठी पिस्तूल घ्यायला आलेला माणूस पोलीस यायच्या वेळी तिथे असणं मला बरं दिसेना. पण काका हलायला तयार नव्हते आणि गाडीची किल्ली माझ्याकडे असली तरी अधिकार त्यांच्याकडे होता.

आलेला ऑफिसर तरुण होता, नम्र होता, आणि असं पिस्तूल त्याने पूर्वी पाहिलं नसावं. काकांनी त्याला बूट काढायला लावले नाहीत, एवढीच सवलत दिली. मग त्याला विचारलं, तुला न्यायचंय ते नक्की काय? गोळी उडवणारं जे आहे ते ना? नळी, घोडा, चाप, सगळं धातूचं ने. लाकूड म्हणजे लाकूड आहे. ते राहू दे. ऑफिसरने बाहेर जाऊन कुणाला तरी फोन करून विचारलं, आत आला आणि मान डोलावली.

त्याच्यासमोर काकांनी स्क्रूड्रायव्हरचं पातं बदललं आणि पेच काढायला घेतले. एकेका खाचेत आधी नख, मग पातं. एकही खाच चुरगळली नाही. धातू ऑफिसरच्या पिशवीत गेला. लाकडी मूठ टेबलावर राहिली, मधे पोकळ, एखाद्या वाद्यातून तारा काढून घ्याव्यात तशी. ऑफिसर गेला. डोरीनबाईंनी ती मूठ कार्डिगनला पुसली आणि खोक्यात टाकली नाही, आपल्या हँडबॅगेत ठेवली. मग त्यांनी कॉफी विचारली. काका हो म्हणाले, आणि साखर घालून प्याले.

परतताना हायवेला लागेपर्यंत मी गप्प होतो. तेवढं मला जमलं हेच विशेष. मग मी म्हणालो की निदान लढाईपुरता तरी माझा अंदाज बरोबर होता. काका म्हणाले, "अरे, हे टोपीचं पिस्तूल. दारू पेटवायला तांब्याची एक बारकी टोपी असते, तिच्यावर घोडा आपटायचा. तुझ्या पेशवाईत ती टोपी निघालीच नव्हती. फोटोतसुद्धा दिसलं असणार." मग घरीच का नाही सांगितलंत, मी विचारलं. तर म्हणाले, "फोटो तू पाह्यला. मला काय दिसते?"

आणि मग त्यांनी सांगितलं. डोळ्यांच्या मधोमध डाग आला होता. कडेचं दिसायचं, रस्ता दिसायचा, माणूस उभा आहे हे दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसून जायचं. डॉक्टरांनी सांगून वर्ष होऊन गेलं होतं. काकूंना माहीत होतं, आणखी कुणाला नाही. माझ्या गाडीत सुरुवातीपासून मागे बसणारा माणूस अलीकडे पुढे बसायला लागला होता. मी समजत होतो की गरम हवेसाठी; ते बसत होते समोरचा रस्ता तरी दिसत राहावा म्हणून.

"पण पेच समजतात," ते शाल सारखी करत म्हणाले. "नखाला डाग नाही आला अजून."

मंडळात मी खरं ते सांगून टाकलं. हार्डवेअरच्या दुकानावरून बोलणारे गृहस्थ फार प्रेमाने ऐकत होते. पूजा लॅपटॉपचीच झाली. त्या वर्षी माझ्याकडे नैवेद्याचं ताट मांडायचं काम देण्यात आलं, त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

नंतरच्या उन्हाळ्यात काका-काकू व्हिटबीचं घर सोडून किचनर नावाच्या गावी मुलीकडे राहायला गेले. सामान इतकं कमी की मुलीच्या गाडीत मावलं. मी निरोपाला गेलो तेव्हा काका पुढच्या सीटवर बसले होते, पिशवी मांडीवर, काच खाली. सोफा कुणीतरी घेऊन गेलं होतं. घेणाऱ्याने त्याचे पेच बघितले नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. किचनरच्या पहिल्याच हिवाळ्यात ते गेले.

पण निरोपाच्या त्या दिवशी, मुलगी गाडी सुरू करत असताना, मी खिडकीशी वाकून त्यांना विचारलंच. इतके महिने मला ते टोचत होतं. वस्तू विकणाऱ्या बाईंना नळीवरचं वाचायला दिलंत, आणि मी, आपला माणूस, चांगले डोळे असलेला, शेजारी हात पुढे करून उभा होतो. मला का नाही दिलंत?

काकांनी मान जरा वळवून, डोळ्यांच्या कडेने माझ्याकडे पाहिलं.

"तुला? तुला तर त्याच्यावर पेशव्यांचा शिक्का दिसला असता."